वाटेवरचं अ‍ॅडलेड

जांभळं बाजारात आली की मला घरात बसवत नाही. उन्हाळ्याची सुट्टी संपत आलेली असते, शाळा उघडायची असते, हवेत नुसता उकाडा, आणि मी पायाला भिंगरी लावल्यासारखी बदलापुरात कात्रपहून कुळगाव, कुळगावहून स्टेशन अशी काही कारण नसताना हिंडत असते. स्टेशनबाहेर आसपासच्या पाड्यांवरच्या बाया टोपल्या घेऊन बसतात. पानांच्या द्रोणात जांभळांची रास, वर एखादं पान झाकलेलं. आंब्याचं बरं असतं, तो अढीत बसतो, पेटीत बसतो, आपली वाट बघतो. जांभूळ कुणासाठी थांबत नाही. सकाळी झाडावर, दुपारी टोपलीत आणि संध्याकाळी त्याचा लगदा. म्हणून दिसलं की घ्यावं लागतं, घेतलं की लगेच खावं लागतं, आणि खाल्लं की जीभ जड होऊन बोलणं बंद पडतं. गेल्या वर्षी आमच्या घरात बोलणं तसंही बंदच होतं.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या जेवणाच्या टेबलावर ऑस्ट्रेलिया अंथरलेला होता. झेरॉक्सच्या दुकानातून मोठा करून आणलेला नकाशा, चारी कोपऱ्यांवर वाट्या. आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो, कारण टेबलावर देश होता. आमचे हे अंबरनाथच्या एका कारखान्यात उत्पादनाचं नियोजन करायचे. माणूस निवृत्त होतो, नियोजन होत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे वेळ काय तो माझ्या दिवाळीच्या सुट्टीचा, आणि तिला जोडून रजा मागितली की आमच्या मुख्याध्यापकबाई चष्म्यावरून बघतात. तेवढ्या सुट्टीत अख्खा देश बसवायचा होता. ह्यांनी काडेपेटीतल्या काड्या काढून घेतल्या. एक काडी म्हणजे एक दिवस, आणि मुक्कामाच्या गावावर जांभळाची बी. संध्याकाळी द्रोण संपला की बिया नकाशावर जायच्या. मेलबर्नवर बी, सिडनीवर बी, वर समुद्रातलं प्रवाळ बघायला केर्न्सवर बी. मग काड्यांची वाटणी. सिडनीला एक काडी वाढवली की प्रवाळाची एक कमी. हे तासन्‌तास काड्या सरकवत बसायचे आणि मी स्वयंपाकघरातून बघत राहायची. माझं लक्ष एकाच ठिकाणी असायचं. नकाशाच्या खालच्या अंगाला, मेलबर्नच्या डाव्या हाताला, जिथे बी नव्हती तिथे. तिथे अ‍ॅडलेड आहे, आणि अ‍ॅडलेडला माझा मुलगा राहतो.

निखिल आमचा एकुलता एक. शिकायला म्हणून गेला आणि तिथेच नोकरीला लागला. माझे सासरे गेले तेव्हा तो नोकरीत नवा होता, रजा मिळाली नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. ह्यांनी सगळ्या नातेवाइकांसमोर फोनवर त्याला सांगितलं, "आता येऊच नकोस." रागात माणूस काय नाही बोलत! पण आमच्या चिरंजिवांनी बापाचा हा एक शब्द तेवढा पाळला. लहानपणी 'दूध पी' म्हटलेलं पाळलं नाही, 'अभ्यास कर' पाळलं नाही, हा मात्र तंतोतंत. तेव्हापासून तो फोन करायचा तो मला. मी "बाबांना देऊ?" म्हणायची, तो "नको, झोपले असतील," म्हणायचा. भर दुपारी! आणि हे शेजारच्या खोलीत पेपरचं पान न उलटता बसलेले असायचे. दोघंही एकाच साच्यातले, आणि मधे मी.

"मग ऑस्ट्रेलियालाच कशाला जायचं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "जगात दुसरे देश नाहीत?"

"तिकडे ऋतू उलटे असतात," हे म्हणाले. "आपली दिवाळी तो त्यांचा वसंत. बघायला हवं एकदा."

ज्या माणसाला बाल्कनीतला मोगरा मी सांगेपर्यंत दिसत नाही, त्याला ऑस्ट्रेलियाचा वसंत बघायचा होता. मी हसले नाही. हसले असते तर ह्यांनी नकाशाची घडी घातली असती, आणि मला तो नकाशा उघडा हवा होता.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरच्या म्हात्रेकाकू दुसऱ्याच दिवशी वर आल्या.

"चाललाच हाव तर आमच्या स्वातीकडं जाऊन या. मेलबर्नलाच हाय ती. सुकट देते बांधून."

"काकू, सुकट विमानतळावरच काढून घेतात तिकडे."

"मंग पापड न्या. पापडाला कोन काय बोलनार?"

पाठोपाठ ह्यांच्या कारखान्यातल्या मित्राने सिडनीच्या पुतण्यासाठी चिवडा आणून दिला, तोही जूनमध्ये, दिवाळीत न्यायला. मी तो परत पाठवला आणि ताजा द्या म्हणून सांगितलं. केर्न्सकडेही कुणाची तरी मावसबहीण निघालीच. हे एकालाही नाही म्हणाले नाहीत. हळूहळू माझ्या लक्षात आलं की आम्ही जे बघायला निघालो होतो त्यात ऑस्ट्रेलिया फार थोडा होता. सिडनीचं ते शिडांच्या आकाराचं नाट्यगृह आम्ही चिवडा पोहोचवायला जाता जाता बघणार होतो. सगळ्या कात्रप-कुळगावची मुलं त्या नकाशावर आली, एक आमचा सोडून. रात्री अंथरुणावर पडलं की याचाच संताप यायचा मला. जगाच्या पोरांना पापड, आणि स्वतःच्या पोराच्या गावावर बोट ठेवायची बंदी.

हे असं घरं बघत हिंडणं सासऱ्यांकडून आलेलं. त्यांचं घर कुळगावात, बाजाराच्या वाटेवर. ओटीवर माठ, माठावर तांब्या, शेजारी गुळाचा डबा. येणारा जाणारा कुणी असो, आतून हाक यायची, "पानी पिऊन जा रे!" आणि स्वतः बाहेर पडले की दुसऱ्याच्या दारात तसेच थांबायचे. कायदा एकच होता त्यांचा. "वाटंवरचं घर टाकून जाव नये. पानी तरी प्यावं." चुलतभावाशी त्यांचं शेताच्या बांधावरून कोर्टात चाललं होतं. तारखेला कल्याणला जायला निघाले की वाटेत त्या चुलतभावाचंच घर. तिथे थांबायचे, गुळाचा खडा तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे, आणि मग दोघं मिळून एकमेकांविरुद्ध लढायला जायचे. मी नवी असताना विचारलं, "मामंजी, तुमचं भांडण आहे ना त्यांच्याशी?" ते म्हणाले, "भांडान हाय तं काय झालं? मी काय त्याचे घरी गेलो? वाटंवर व्हतं, पानी प्यालो."

लग्नानंतर ते आम्हा दोघांना घेऊन हेंद्रेपाड्याला बहिणीकडे निघाले. काही लांब नव्हतं, पण पोचलो तेव्हा तिथली जेवणं आटपून भांडी घासली जात होती. एकेका दारात गूळ, एकेका दारात पाणी. माझ्या पोटात नुसतं डुचमळत होतं, आणि मोरी कुठे आहे हे विचारायची नव्या नवरीला सोय नव्हती. हे मागून चालत होते आणि हसू दाबत होते. तेव्हा हसायचे ते.

सासऱ्यांच्या त्या घराच्या जागी आता इमारत उभी आहे. ओटी गेली, माठ गेला, पण मागचं जांभळाचं झाड राहिलंय. परवा मी तिकडे गेले तर झाडाखाली गाड्यांवर प्लास्टिक ओढलेलं. वॉचमन वैतागून सांगत होता, "मॅडम, लोक बोलते है काट डालो. सब गाडी का कलर खराब होता है." मी वर पाहिलं. पोपटांनी अर्धी जांभळं कुरतडून टाकली होती. ऐन भरात आलेल्या झाडाचं भांडण गाड्यांशी चालू होतं. मी खाली वाकून चार जांभळं उचलली, पदराला पुसली आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. बोटं दोन दिवस निळी राहिली.

गेल्या वर्षी नकाशावरचं भांडण मीच सुरू केलं. एका संध्याकाळी खाल्लेल्या जांभळाची ओली बी सरळ अ‍ॅडलेडवर नेऊन ठेवली. सकाळी पाहिलं तर बी ताटलीत. हे गॅलरीत चहा पीत होते, जसं काही झालंच नाही. संध्याकाळी मी पुन्हा ठेवली. सकाळी पुन्हा ताटलीत. असं किती दिवस चाललं देव जाणे. मी ठेवायची, हे उचलायचे, आणि दोघंही त्याबद्दल एक शब्द काढायचो नाही. बी उचलली तरी तिच्याभोवतीचा जांभळा डाग कागदावर राहायचा. रोज तो थोडा पसरत गेला. शेवटी अ‍ॅडलेड हे नाव वाचताही येईना, पण ते कुठे आहे हे लांबून दिसायला लागलं.

एकदाच तोंड उघडलं मी. "एक काडी द्या. एकच."

"काड्या उरल्या नाहीत."

"प्रवाळाची काढा."

"त्याने बोलावलंय का?"

"तुम्ही त्याला येऊ नको म्हणालात."

"तेच तर. ज्याला येऊ नको म्हटलं, त्याच्या घरी आपण कुठल्या तोंडाने जायचं?" हे म्हणाले आणि एक काडी मेलबर्नवरून उचलून परत मेलबर्नवरच ठेवली.

निखिलचंही तेच. "आई, प्लॅनमध्ये अ‍ॅडलेड आहे का?" तो फोनवर सहज विचारल्यासारखं विचारायचा. मी म्हणायची, "अजून ठरतंय." तो म्हणायचा, "नाही, मला रजेचं बघायला लागेल म्हणून विचारलं." एवढं बोलून आम्ही तिकडच्या हवेवर यायचो. फोन ठेवला की मी चपला घालून बाहेर पडायची. कुठे जायचं ते ठरलेलं नसायचं. दुकानांच्या पाट्या वाचत चालायची, कुणी ओळखीचं भेटलं तर भाजी घ्यायला आले म्हणायची. पिशवी मात्र हातात नसायची.

मग आभाळ भरून यायला लागलं. जांभळं पाणचट झाली, टोपल्या कमी झाल्या. एका सकाळी हे म्हणाले, "उद्या उल्हासनगरला जाऊ. तिकिटं काढून टाकू." त्या संध्याकाळी मी बी ठेवली नाही. दमले होते मी. मनात ठरवून टाकलं की तिकिटं होऊ देत, मग सांगायचं, तुम्ही जा पापड घेऊन स्वातीकडे, मी येत नाही. मुलाच्या देशात जाऊन मुलाला न भेटता परत यायचं मला जमणार नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांच्याविरुद्ध असं काही पहिल्यांदाच ठरवत होते.

उल्हासनगरचे हरीशभाई ह्यांच्या जुन्या ओळखीचे. कारखान्यातल्या साहेबांची तिकिटं तेच काढायचे. कापडाच्या आणि मिठाईच्या दुकानांमध्ये दाटीवाटीने बसवलेलं त्यांचं छोटंसं ऑफिस, भिंतीवर बर्फाचे डोंगर आणि निळे समुद्र. "आओ अंकल, आओ दीदी," म्हणून त्यांनी एसी वाढवला. हे खुर्चीच्या टोकावर बसले आणि पाठ केल्यासारखं म्हणाले, "मुंबईहून मेलबर्न. मेलबर्नहून अ‍ॅडलेड, तिथे पाच तास. अ‍ॅडलेडहून सिडनी. पुढचं मग सांगतो."

मी भिंतीवरच्या बर्फाकडे बघत होते. तशीच बघत राहिले.

हरीशभाईंची बोटं थांबली. "अंकल, एक मिनट. मेलबर्न से सिडनी सीधा फ्लाइट है, दिनभर. ये अ‍ॅडलेड तो एकदम उलटा पडता है. बदलापूर से कल्याण जाने को आप कर्जत होके जाओगे क्या?"

"असू दे."

"और रुकना भी नहीं है? पांच घंटे में अगला फ्लाइट लिखू? पांच घंटा उधर करोगे क्या आप?"

"पाणी पिऊ," हे म्हणाले.

"पानी?"

"हां. रस्ते में है ना."

हरीशभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "दीदी, पानी तो प्लेन में भी देते हैं."

समोरच्या चित्रातले डोंगर हलायला लागले होते. ह्या माणसाने रोज सकाळी ती बी उचलली, आणि उचलताना रोज तो डाग पाहिला. मुलाच्या घरी जायचं नाही हा हट्ट सोडायचा नव्हता, म्हणून त्याने चांगली सरळ वाट वाकडी करून घेतली. सासऱ्यांचाच मुलगा! परतताना रिक्षात ह्यांनी बाहेर बघत एवढंच सांगितलं, "त्याला कळव. मुद्दाम येत नाही म्हणावं. वाटेवर आहे म्हणून."

मी कळवलं. निखिलने सगळी विमानं आणि वेळा विचारून घेतल्या. मग म्हणाला, "आई, अ‍ॅडलेड कुठल्याच वाटेवर नाहीये."

"आजोबा आठवतात का तुला?" मी विचारलं.

"किती वाजता पोचताय?" तो म्हणाला.

अ‍ॅडलेडला खरंच वसंत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या फुलांनी भरलेली झाडं, खाली सडा. मला पाय जपून टाकावासा वाटला, सवयीने, चपलांना रंग लागेल म्हणून. ह्यांनी टॅक्सी दाराशी थांबवून ठेवली. सामान आत, मीटर चालू. निखिलने दार उघडलं. जाडसर झाला होता, कपाळ वर गेलं होतं. कुणी कुणाला मिठी वगैरे मारली नाही, आमच्याकडे ती पद्धतच नाही. हे सोफ्याच्या कडेला बसले, पायात बूट तसेच. निखिल आत गेला आणि ताटली घेऊन आला. ताटलीत स्टीलचा ग्लास आणि बशीत गुळाचा खडा.

ह्यांनी तो खडा उचलला, फिरवून पाहिला. "चिकीचा गूळ आहे हा."

"हो. इंडियन शॉपमध्ये तोच मिळतो."

ह्यांनी गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायले. "मचूळ आहे रे पाणी."

"फिल्टर बदलायचाय."

"कुठला बसवलायस?"

मग दोघं फिल्टरवर बोलत बसले. कार्बन कसा, दाब किती, कुणाचा चांगला. मी घड्याळाकडे बघत होते आणि आतल्या आत नुसती तडफडत होते. आजोबांचं नाव काढा, तेराव्याचं काढा, माफ कर म्हणा, भांडा, काहीतरी बोला रे! फिल्टर संपला. निखिलने न विचारता दुसरा ग्लास आणून ठेवला. ह्यांनी तोही संपवला, उठले आणि दाराबाहेर गेले.

"निघाले?" निखिलने मला विचारलं. लहानपणी मी शाळेच्या गेटवर सोडून निघाले की असाच दिसायचा तो. मी पर्स उचलली. बाहेर टॅक्सीचं दार वाजलं. मग गाडी सुरू झाल्याचा, लांब गेल्याचा आवाज आला, आणि दारात हे उभे होते, दोन्ही हातांत बॅगा, धापा टाकत.

"बघतोस काय? धर की!" निखिलला म्हणाले. "हिच्यात तो सिडनीवाल्याचा चिवडा आहे. फोड."

आणि उंबऱ्यातच बॅग टेकवून बूट काढायला वाकले.

येऊ नको म्हटलेलं ह्यांनी अजून मागे घेतलेलं नाही. निखिलनेही काही कबूल केलेलं नाही. पण आता फोन आला की मला दोन-चार वाक्यंच मिळतात, बाकीचा वेळ फिल्टरचा. या वर्षी जांभळाच्या दिवसांत येतो म्हणालाय. रजा मंजूर व्हायची आहे. आज कळेल, उद्या कळेल. त्याला थोडे दिवस मिळतील, त्यात मित्र आहेत, कुठे कुठे जायचंय, आणि मी रोज एक द्रोण आणते, संध्याकाळी तो आम्ही दोघं संपवतो, सकाळी पुन्हा बाहेर पडते. टोपल्या आहेत अजून. आभाळाकडे बघवत नाही.

काल उल्हासनगरला गेलो होतो, निखिलच्या खोलीसाठी पडद्याचं कापड घ्यायला. हरीशभाईंनी ऑफिसच्या दारातूनच हाक मारली. "अंकल! फोटो तो दिखाया ही नहीं. सिडनी कैसा लगा?"

हातातला जांभळांचा द्रोण त्यांनी हरीशभाईंपुढे धरला.

"सिडनी?" हे म्हणाले. "वो रस्ते में नहीं था."